माणूस हातात असून साडेपंधरा वर्षं: भारत-अमेरिका सहकार्य नेमकं कुठं अडतं?

शिवडीचा_दुभाषी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. २६/११ म्हणलं की चर्चा लगेच पक्षांवर घसरते म्हणून हा धागा काढायचं बरेच दिवस टाळत होतो, शेवटी आज लिहितोय.

१० एप्रिल २०२५ ला २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला घेऊन विमान दिल्लीत उतरलं तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते आणि जो तो एकच म्हणत होता, बघा, अमेरिकेने दिला, आता दोस्ती पक्की. मलाही बरं वाटलंच, पण माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. हल्ला नोव्हेंबर २००८ चा. राणाला शिकागोत अटक झाली १८ ऑक्टोबर २००९ ला. म्हणजे माणूस सापडलेला, नाव-गाव-धंदा सगळं माहीत, त्यानंतर जवळजवळ पूर्ण वेळ तो आपल्या मित्रदेशाच्याच तुरुंगात, आणि तरी आपल्या कोर्टापुढे उभा राहायला साडेपंधरा वर्षं गेली. दोन्ही सरकारांची इच्छा होती असं धरलं तरी.

मी आयुष्यभर कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर केलंय, आता निवृत्त आहे. २६/११ च्या खटल्याशी माझा काही संबंध आला नाही हे आधीच सांगतो. पण परदेशी जाणारी फाइल कशी तयार होते ते जवळून बघितलंय आणि लोकांना ती बाजू माहीतच नसते म्हणून लिहितोय.

आपल्या पोलिसांचा पंचनामा कसा असतो बघा. "आम्ही खाली सह्या करणारे पंच, समक्ष विचारले वरून लिहून देतो की", आणि तिथून सुरू झालेलं वाक्य दीड पानानंतर संपतं, मधे "सदर इसम" कोण, "सदर ठिकाण" कुठलं, "नमूद मुद्देमाल" म्हणजे वर सांगितलेल्या सात वस्तूंपैकी कुठली, हे आपल्याकडच्या वकिलाला सवयीनं कळतं. अमेरिकेतल्या मॅजिस्ट्रेटला नाही कळणार. त्याला प्रत्येक वाक्यात कोणी, कधी, कुठं पाहिलं ते हवं. एका जुन्या प्रकरणात (देश आणि खातं सांगत नाही) मूळ जबाबात "अंदाजे रात्री साडेनऊ" होतं, भाषांतरात "अंदाजे" गळलं, दुसऱ्या साक्षीदाराने पावणेदहा सांगितलं होतं, आणि तिकडून शंका काढून अख्खी फाइल परत आली. एका शब्दासाठी चार महिने. त्या वेळी त्या तपास अधिकाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता, बिचारा स्वतः फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी उभा होता.

भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार २५ जून १९९७ ला झाला आणि १९९९ मध्ये लागू झाला. पुरावे आणि साक्षी मिळवण्यासाठीचा परस्पर कायदेशीर मदतीचा करार वेगळा, तो ऑक्टोबर २००१ चा, लागू झाला २००५ ला. म्हणजे २००८ मध्ये दोन्ही करार हातात होते. करार नव्हता म्हणून उशीर झाला असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

माझं स्पष्ट मत, घटना घडून गेल्यावरचं सहकार्य आज पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय. घटना घडायच्या आधीचं सहकार्य, म्हणजे समोरच्याने आपल्या घरातल्या संशयिताचं नाव वेळेत आपल्याला सांगणं, ते अजून तितकं झालेलं नाही, आणि माणसं वाचतात ती त्यानेच. तुम्हाला काय वाटतं?

मीनल_ठाणे

काका, धागा काढलात ते फार बरं केलंत. मला एक कळत नाही, हेडली आणि राणा दोघं एकाच प्रकरणातले ना, मग एक आला आणि दुसरा का नाही? हेडलीनेच तर सगळी रेकी (आधी येऊन जागांची पाहणी) केली होती.

पुण्याचा_वकील

मीनलताई, सांगतो. जरा लांब होईल.

डेव्हिड कोलमन हेडली, मूळ नाव दाऊद गिलानी, वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. २००६ मध्ये त्याने फिलाडेल्फियात कायदेशीर नाव बदललं म्हणजे पासपोर्टवर मुसलमान किंवा पाकिस्तानी ओळख दिसणार नाही, आणि अमेरिकन पासपोर्टवर भारतात यायला लागला. त्याच्या कबुलीनुसार सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ मध्ये पाच वेळा मुंबईत लांबलांब मुक्काम. ताज, ओबेरॉय, सीएसटी, लिओपोल्ड, नरिमन हाऊस सगळ्याचं चित्रीकरण केलं, बोटीने फिरून उतरायच्या जागा बघितल्या. आणि मार्च २००९ ला, म्हणजे हल्ला होऊन गेल्यावर, हा माणूस परत भारतात आला आणि आमच्या कोरेगाव पार्कातलं छाबाड हाऊस (ज्यू लोकांचं केंद्र) वगैरे बघून गेला. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. १६६ माणसं गेली होती, अख्खा देश तपास करत होता, आणि रेकी करणारा उजळ माथ्याने इमिग्रेशनमधून आत आला आणि बाहेर गेला.

३ ऑक्टोबर २००९ ला शिकागोच्या ओहेर विमानतळावर पकडला. १८ मार्च २०१० ला त्याने १२ आरोप कबूल केले आणि बदल्यात अमेरिकन सरकारने लिहून दिलं की फाशी मागणार नाही आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांच्याकडे प्रत्यार्पण करणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षं शिक्षा.

राणाने कबुली दिली नाही, तो ज्यूरीपुढे लढला. जून २०११ मध्ये ज्यूरीने त्याला डेन्मार्कच्या वर्तमानपत्रावरच्या हल्ल्याचा कट आणि लष्कर-ए-तोयबाला मदत यात दोषी धरलं, पण मुंबईच्या कटातून सोडलं. १४ वर्षं शिक्षा झाली. कबुली नाही म्हणजे सौदा नाही, सौदा नाही म्हणजे प्रत्यार्पण न करण्याचं वचनही नाही. म्हणून राणा आला आणि हेडली नाही.

मीनल_ठाणे

म्हणजे ज्याने जास्त केलं तो वाचला. हे पचत नाहीये.

घाटावरचा

पचायचा प्रश्नच नाही ताई. सरळ बोलतो, अमेरिकेने फसवलं. हेडली त्यांच्या अंमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता हे जगजाहीर आहे. त्याच्या बायकांनी हल्ल्याआधी अमेरिकन अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की हा लष्करसोबत ट्रेनिंग करतो, एकीने २००५ मध्ये अमेरिकेत आणि मोरोक्कन बायकोने इस्लामाबादच्या दूतावासात जाऊन. २०१० मध्ये हे सगळं छापून आलं. तेव्हा आपल्याला एक नाव जरी दिलं असतं तर व्हिसाच मिळाला नसता. यालाच मित्र म्हणायचं का? त्यांना त्यांचा माणूस वाचवायचा होता, वाचवला.

शिवडीचा_दुभाषी

घाटावरचा, तुमचा राग समजतो आणि मी पण तिथंच बोट ठेवतोय. फक्त "माणूस वाचवायचा होता" यापर्यंत मी जाणार नाही, कारण माझ्या हातात तेवढा पुरावा नाही. त्यांच्या गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाने २०१० मध्ये स्वतःच आढावा घेतला आणि म्हणलं की काही माहिती होती पण त्यावरून त्याचा मुंबईच्या कटाशी संबंध जोडण्याएवढं पुरेसं नव्हतं. आता हे मान्य केलं तरी प्रश्न उरतोच. पुरेसं आहे की नाही ते ठरवायला दोन्ही तुकडे एका टेबलावर यायला हवेत. त्यांच्याकडे "हा माणूस लष्करकडे जातो" हा तुकडा, आपल्याकडे "हा माणूस ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटून बसलाय" हा तुकडा. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही किरकोळ. एकत्र आले असते तर कुठल्याही हवालदाराच्या लक्षात आलं असतं.

डेव्हनवाला

मी शिकागोच्या उपनगरात २२ वर्षं राहतोय, इथं वाचनमात्र असतो पण आज राहवलं नाही.

डेव्हन अव्हेन्यू म्हणजे आमची इथली बाजारपेठ, कढीपत्ता, कोकम, दिवाळीचे आकाशकंदील सगळं तिथूनच. राणाचं इमिग्रेशनचं ऑफिसही डेव्हनवरच होतं. आम्ही दर शनिवारी त्या रस्त्याने जायचो, त्याच्या पाट्या असायच्या, व्हिसाचं काम करणारी अशी दहा दुकानं तिथं आहेत, त्यातलं एक. ऑक्टोबर २००९ ला बातमी आली तेव्हा बायको म्हणाली अरे हे तर आपण गाडी लावतो तिथून जवळ. त्या आठवड्यात मी डेव्हनला गेलोच नाही, गेलो ते महिन्याने.

आणि त्याच ऑफिसची शाखा म्हणून हेडलीने मुंबईत ते ताडदेवचं दुकान उघडलं, व्हिसाचा अर्ज केला तो इथल्याच आपल्या कॉन्सुलेटमधून. पुढे २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या कोर्टाला व्हिडिओवरून सांगितलं की व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरली होती. तेव्हा आपल्या बाजूला पण तपासणी कमी पडली हे मान्य करावंच लागेल. हेडली पकडला गेल्यावर डिसेंबर २००९ मध्ये नियम आला की टुरिस्ट व्हिसावर एकदा भारतातून बाहेर पडलात की दोन महिने परत यायचं नाही. माझा एक अमेरिकन सहकारी लग्नासाठी नागपूरला गेला, मधे नेपाळ बघून परत येणार होता, काठमांडूत अडकला. नियम नंतर २०१२ मध्ये सैल केला. अशा नियमाने हेडली सापडला असता का, मला वाटत नाही. माहिती नसेल तर नियमाचा भार फक्त साध्या माणसांवर पडतो.

पुण्याचा_वकील

डेव्हनवाला, चांगला मुद्दा आणलात, कारण हीच ताडदेवच्या ऑफिसची कागदपत्रं पुढे राणाच्या प्रत्यार्पणात कामाला आली.

राणाचं म्हणणं होतं की मला एकदा शिकागोत मुंबईच्या आरोपातून सोडलंय, त्याच गोष्टीसाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. करारातलं कलम ६ तेच सांगतं, ज्या गुन्ह्यासाठी एकदा दोषी किंवा निर्दोष ठरलात त्यासाठी पाठवणार नाही. सगळी लढाई एका शब्दावर झाली, "गुन्हा" म्हणजे काय. घडलेली कृती की कायद्यातला आरोप? राणाचे वकील म्हणाले कृती, आणि कृती तर तीच आहे. सरकार पक्ष म्हणाला आरोप, त्याचे घटक, आणि भारतात लावलेल्या आरोपांचे घटक वेगळे आहेत. भारताच्या आरोपात खून आणि देशाविरुद्ध युद्धाचा कट तर होताच, शिवाय बनावट कागदपत्रांचाही होता, मुंबईच्या ऑफिससाठी केलेली खोटी कागदपत्रं. शिकागोत हा आरोप नव्हताच.

राणाने हेडलीच्या सौद्याचाही आधार घेतला, की त्यात तुम्हीच कलम ६ चा अर्थ कृती असा धरला होतात. कोर्टाने ऐकलं नाही. १६ मे २०२३ ला लॉस एंजेलिसच्या मॅजिस्ट्रेटने प्रत्यार्पणाला मान्यता दिली, मग जिल्हा न्यायालयात हेबियस (कैदेला आव्हान देणारा अर्ज), मग १५ ऑगस्ट २०२४ ला नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाचा निकाल, मग २१ जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अर्ज नाकारला, आणि त्यानंतरही स्थगितीचे अर्ज चालू होते ते एप्रिलमध्ये संपले. फेब्रुवारीत मोदींच्या भेटीत ट्रम्प यांनी घोषणा केली ती सगळ्यांना लक्षात आहे. पण खरा निकाल त्याच्या आधी लागलेला होता.

घाटावरचा

साहेब ते ठीक आहे पण सगळ्या तारखा २०२० नंतरच्याच. २०११ ते २०२० मधे काय चाललं होतं?

पुण्याचा_वकील

शिक्षा भोगत होता. त्यांनी आधी स्वतःच्या कोर्टाची शिक्षा वसूल केली. जून २०२० मध्ये कोविडमुळे तब्येतीच्या कारणाने सुटला आणि लगेच १० जूनला भारताच्या विनंतीवरून परत अटक. हे मात्र त्यांनी चोख केलं, एवढं श्रेय द्यायला हवं. दोन्हीकडच्या लोकांनी आधीपासून तयारी केल्याशिवाय असं इतक्या पटकन होत नाही. आपल्या एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणा) २०११ च्या डिसेंबरमध्येच हेडली, राणा, हाफिज सईद वगैरेंविरुद्ध आरोपपत्र दाखल केलेलं होतं, ते नसतं तर राणा केव्हाच मोकळा होऊन कॅनडाला गेला असता, तो तिथला नागरिक.

नाखवा_कुलाबा

मी मच्छीमार. बधवार पार्कच्या ज्या कोळीवाड्यात ते दहाजण उतरले तिथून माझं घर लांब नाय. वकील मंडळी बोलताय ते वाचतोय, पण आमच्या बाजूनेपण कोणीतरी लिहायला पाहिजे.

त्या रात्री आमच्या लोकांनी त्यांना उतरताना बघितलं होतं. रबरी होडी, पाठीवर जड बॅगा, चेहऱ्याने आपले नाहीत. विचारलं पण, तर उद्धट उत्तर देऊन निघून गेले. ज्याने समुद्रावर आयुष्य काढलंय त्याला कळतं की मासळीशिवाय, जाळ्याशिवाय, रात्री साडेआठ नऊला कोण किनाऱ्याला लागतं काय. पण सांगायचं कोणाला? तेव्हा कोळ्याने फोन करायचा नंबरच नव्हता.

नंतर झालं बरंच. बायोमेट्रिक कार्ड आली, राज्याराज्याचे बोटींचे रंग ठरले, सागरी पोलीस ठाणी वाढली, "सागर कवच" सराव होतो, मोठ्या ट्रॉलरला ट्रान्सपाँडर (बोट कुठं आहे ते कळवणारं यंत्र) लागले. सरावात पोलीसवाले खोटे अतिरेकी बनून येतात आणि आम्ही पकडून देतो, आमच्या पोरांनी पकडलेपण आहेत. पण मधल्या काळात स्पीडबोटी डिझेलविना उभ्या राहिलेल्या आम्हीच बघितल्यात. वॉशिंग्टनवरून एखादा इशारा आला की समुद्रातून येणार आहेत, तर तो दिल्ली, मग मंत्रालय, मग ठाणं, आणि ठाण्यातून आमच्या सोसायटीच्या चेअरमनपर्यंत किती वेळात येतो, ते सांगा मला. तिथं येऊन अडलं तर वरचं सगळं फुकट.

माजी_जमादार

नाखवा, तुमच्या पोस्टला मनापासून +१. ३४ वर्षं पोलिसात काढली, त्यातली बरीच दक्षिण मुंबईत, म्हणून अधिकाराने लिहितो.

इशारे येत होते. रतन टाटांनी स्वतः तेव्हा मुलाखतीत सांगितलं होतं की ताजला आधी सूचना मिळाली होती आणि काही उपाय केलेही होते. राम प्रधान समितीने हल्ल्यानंतर सगळं तपासलं, त्यांनी पण हेच म्हणलं की केंद्राकडून आलेल्या सूचनांवर राज्यात जसं काम व्हायला हवं होतं तसं झालं नाही. पण खालच्या माणसाच्या हातात कागद कसा येतो ते मला माहीत आहे. "महत्त्वाच्या आस्थापनांना धोका संभवतो, योग्य ती दक्षता घ्यावी." बस. कुठली आस्थापना, कधी, कोणाकडून, काही नाही. महिन्यात असे ढीगभर. पंधरा ऑगस्टला, गणपतीत, सव्वीस जानेवारीला. आम्ही नाकाबंदी लावायचो, डिक्क्या उघडायचो आणि सकाळी घरी जायचो.

यात परदेशी मित्राचा दोष असा की तो माहिती देताना तिचा उगम काढून टाकतो. त्याला स्वतःचा खबऱ्या किंवा ऐकण्याची सोय उघडी पाडायची नसते. उगम काढला की माहितीचा सांगाडा उरतो. मग आपल्या माणसाला तिची किंमत कळत नाही, तो दहा सूचनांच्या ढिगात ती अकरावी म्हणून ठेवतो. यात मी आपल्यालाही सोडणार नाही, २००४ मध्ये रॉचा (आपली परदेशातली गुप्तचर संस्था) अधिकारी रविंदर सिंग नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला, अशा गोष्टींनंतर दोन्ही बाजू एकमेकांना ताटातलं सगळं वाढत नाहीत. विश्वास एकदा गेला की पुढची दहा वर्षं त्याची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो, तो सीएसटीच्या हॉलमध्ये गाडीची वाट बघत बसलेला असतो.

माझे तीन सहकारी त्या रात्री गेले. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंनी रायफल छातीवर धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत मिळाला. हे मी इथं मुद्दाम लिहितोय, कारण पुढे अमेरिकेसोबत जे काही सहकार्य झालं त्याचा पाया तो जिवंत पकडलेला माणूस आहे. तो मेला असता तर पाकिस्तानने दहाही जण आमचे नाहीतच म्हणून हात झटकले असते.

डेव्हनवाला

जमादारसाहेब, नमस्कार तुम्हाला आणि त्या तिघांना.

एक भर. घटनेनंतर लगेच एफबीआयची माणसं मुंबईत आली होती, सहा अमेरिकन नागरिक गेले होते म्हणून त्यांचाही स्वतंत्र गुन्हा होता. जीपीएस यंत्रांमधल्या नोंदी, इंटरनेटवरून केलेल्या फोनचा माग, होडीच्या यामाहा इंजिनाचा नंबर आणि ते पाकिस्तानात आयात झाल्याचा पुरावा, या सगळ्यात दोन्हीकडच्या तपासाची जोड लागली. तेव्हा घाटावरचे म्हणतात तसं सगळंच फसवणूक नव्हतं.

घाटावरचा

मान्य. पण जोड कधी लागली, त्यांची माणसं मेली तेव्हा. माझा मुद्दा तोच आहे.

आणि आपल्या एनआयएला हेडलीला भेटायला जून २०१० उजाडलं. आठवडाभरात मिळून ३४ तास. समोर त्याचे वकील, शेजारी एफबीआय. आपल्या देशाच्या गुन्हेगाराला आपण पाहुण्यासारखं जाऊन विचारायचं.

शिवडीचा_दुभाषी

ते ३४ तास कमी होते यात वाद नाही. पण त्यातून काय निघालं तेही बघा. हेडलीला पाकिस्तानातून सूचना देणारे साजिद मीर, मेजर इक्बाल, कोणी पैसे दिले, कोणी नकाशे बघितले, हे तोपर्यंत आपण अंदाजाने बोलत होतो, ते आतल्या माणसाच्या तोंडून नोंदलं गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये तोच हेडली अमेरिकेतल्या तुरुंगातून व्हिडिओवर मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे माफीचा साक्षीदार म्हणून बसला, सरकारी वकील उज्ज्वल निकम प्रश्न विचारत होते. परदेशातल्या तुरुंगात असलेला आरोपी आपल्या कोर्टात आपल्या पद्धतीने शपथ घेऊन साक्ष देतोय, हे मी नोकरीला लागलो तेव्हा कोणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. आमच्या काळात विनंतीपत्र तपास अधिकाऱ्याकडून कोर्टात, कोर्टातून दिल्लीला, दिल्लीहून तिकडच्या न्याय खात्यात, तिथून त्यांच्या पोलिसांकडे आणि परत त्याच वाटेने. प्रत्येक टप्प्यावर एक टेबल, प्रत्येक टेबलावर एक रजेवर गेलेला माणूस.

तुलनेसाठी अबू सालेम आठवा. १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली, सालेम पोर्तुगालमध्ये सापडला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये आणला, पण फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही अशी हमी देऊन. तेव्हा बरेच जण चिडले होते. २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिलेली हमी पाळावीच लागेल. आणि मला वाटतं ते बरोबर आहे, कारण आज आपण पोर्तुगालला दिलेला शब्द मोडला तर उद्या दुसऱ्या देशातलं कुठलंही कोर्ट आपला कागद हातात घेणार नाही. राणाच्या बाबतीतही तेच, ज्या आरोपांसाठी दिला त्याच आरोपांवर खटला चालवायचा, वाढीव काही लावायचं नाही.

मीनल_ठाणे

आणि आपल्याकडून त्यांना माणूस हवा असेल तर? म्हणजे सहकार्य दोन्हीकडून असायला हवं ना. निखिल गुप्ता प्रकरण वाचलं होतं.

पुण्याचा_वकील

ताई, अवघड जागी बोट ठेवलंत. न्यूयॉर्कमध्ये खलिस्तानवादी पन्नूच्या हत्येचा कट केल्याचा आरोप अमेरिकेने ठेवला, निखिल गुप्ताला जून २०२३ मध्ये झेक प्रजासत्ताकात अटक, एक वर्षाने अमेरिकेला प्रत्यार्पण. भारताने उच्चस्तरीय समिती नेमली आणि जानेवारी २०२५ मध्ये समितीने एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाईची शिफारस केली असं गृह मंत्रालयानेच जाहीर केलं. यावर मतं टोकाची आहेत, मी माझं सांगतो. पन्नू काय बोलतो त्याची मला चीड आहे. पण आपण जसं म्हणतो की तुमच्या जमिनीवर बसून आमच्याविरुद्ध कट झाला तर तुम्ही जबाबदार, तसं त्यांना पण म्हणता येतं. आणि भोपाळच्या वायुकांडातल्या युनियन कार्बाइडचा प्रमुख वॉरन अँडरसनला त्यांनी आपल्याला कधीच दिलं नाही हेही मी विसरलेलो नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माजी_जमादार

सौदीचं पण लिहा कोणीतरी. आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी, हल्ल्याआधी त्या दहा पोरांना हिंदी शिकवणारा आणि हल्ल्याच्या वेळी कराचीच्या कंट्रोल रूममधे बसून फोनवर सूचना देणारा. तो पाकिस्तानी पासपोर्टवर सौदीत होता. पाकिस्तान म्हणत होता आमचा, आपण म्हणत होतो गेवराईचा. घरच्यांच्या नमुन्याशी डीएनए जुळवून दाखवला, आणि जून २०१२ मध्ये सौदीने विमानात बसवून दिल्लीला पाठवला. वर्षानुवर्षं प्रत्यार्पणाची कोर्टबाजी नाही, सरळ हद्दपारी. कुठल्या देशाची पद्धत बरी ते तुम्ही ठरवा, पण काम झालं.

पुण्याचा_वकील

काम झालं हे खरं, पण हद्दपारी त्या देशाच्या राजाच्या मर्जीवर असते जमादारसाहेब, उद्या मर्जी फिरली की काय? कोर्टातून आलेला माणूस उशिरा येतो पण ती वाट पुढच्या वेळी तशीच उघडी राहते. राणाच्या निकालाने कलम ६ चा अर्थ पक्का झाला. पुढच्या माणसाला हा मुद्दा काढून पाच वर्षं खाता येणार नाहीत.

कसारा_फास्ट

मी पहिल्यांदाच लिहितोय इथं, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मामा त्या रात्री सीएसटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये होते, गावी जायला. पायात गोळी लागली आणि खांद्याला छरे. शेजारी बसलेलं कुटुंब डोळ्यासमोर गेलं, त्यातल्या लहान मुलीची पाण्याची लाल बाटली मामांच्या पिशवीत आली होती, धांदलीत कोणीतरी भरली असेल, ती त्यांनी अजून टाकलेली नाही. कसाबच्या खटल्यात ते साक्षीला गेले होते. तेव्हा रात्र रात्र झोपायचे नाहीत, पण गेले.

तुम्ही सगळे जाणकार आहात म्हणून विचारतो. आता राणाचा खटला दिल्लीत आहे. मामांना परत बोलावतील का? त्यांचं वय आता ७१ आहे, दिल्लीला जाणं झेपणार नाही. आणि इतक्या वर्षांनी आधीपेक्षा काही वेगळं बोलले गेले तर समोरचा वकील त्याचा फायदा घेईल का?

पुण्याचा_वकील

दादा, आधी मामांना नमस्कार सांगा.

राणावर आरोप आहे तो कटाचा आणि मदतीचा, त्यामुळे सीएसटीवर काय झालं यापेक्षा हेडलीशी त्याचं काय बोलणं झालं, ऑफिस, पैसे, व्हिसा यावर जोर राहील. तरीही हल्ला झाला हे सिद्ध करायला काही जखमींना बोलावू शकतात. बोलावलं तर व्हिडिओवरून साक्ष मागता येते, तसा अर्ज सरकारी वकिलांमार्फत करायचा. हेडलीची साक्ष समुद्रापलीकडून घेता येते तर मामांची मुंबईहून नक्की घेता येईल. आठवत नसेल ते आठवत नाही असं सांगायचं, बस. त्यात काही गैर नाही.

शिवडीचा_दुभाषी

आणि मामांच्या जुन्या जबाबाची नक्कल मागवून ठेवा, मूळ मराठी आणि भाषांतर दोन्ही. शेजारी शेजारी ठेवून वाचा. कुठं शब्द हलला असेल तर आत्ताच वकिलांच्या नजरेला आणून द्या. तुम्हाला जमत नसेल तर मला निरोप करा, मी घरी येऊन वाचून देईन, पैसे वगैरे काही नको. वाचताना मामा जिथं थांबतील तिथं थांबू.

कसारा_फास्ट

काका खूप आभार. मामांना आत्ताच हे सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांना सांग बोलावलं तर येईन, व्हिडिओ नको, समोर बसून सांगेन, फक्त पावसाळा झाल्यावर बोलवा म्हणावं, ओल्या दिवसात पाय धरतो.

रविवारी घरी आहात का तुम्ही?

शिवडीचा_दुभाषी

आहे. सकाळी दहानंतर कधीही. पत्ता निरोपात पाठवतो.